पंढरीचं वावर

हिप्परवाडीच्या फाट्यावर उतरून ओढ्याच्या अंगानं चालत गेलं की उजव्या हाताला काळ्या मातीचं एक लांबट वावर लागतं. त्याला सगळे पंढरीचं वावर म्हणत. पंढरीचं त्यात एक ढेकूळसुद्धा नव्हतं. वावर शेषेरावाचं, सातबारा शेषेरावाचा, माल शेषेरावाच्या घरी जायचा, आणि पंढरी त्याचा सालगडी. पाडव्याला साल ठरायचं, वर्षभर राबायचं, पुढच्या पाडव्याला पुन्हा तेच. अशा माणसाचं नाव वावराला लागलं कसं, तर ते चेष्टेनं लागलं. गावात मानानं दिलेलं नाव फारसं टिकत नाही, चेष्टेनं दिलेलं मात्र चिकटून बसतं.

शेषेराव तेव्हा पंचविशीतला होता आणि नुकतं लग्न झालेलं होतं. सासुरवाडीचे पाहुणे घेऊन तो ऐटीत वावर दाखवायला निघाला. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला. बांधाच्या धुऱ्यावरून वावरात पाय टाकणार, तोच पंढरी हातातलं खुरपं टाकून पळत आला आणि आडवा झाला. वल्ल्यात पाय घालू नका मालक, माती दाबती, असं म्हणाला. शेषेराव हसून पुढं सरकला तर त्यानं दोन्ही हात पसरले. शेवटी पाहुण्यांनी धुऱ्यावरूनच वावर पाहिलं आणि शेषेराव कानाच्या पाळ्या लाल करून परत फिरला. पाहुण्यांपैकी कुणीतरी फाट्यावरच्या हॉटेलात ही गोष्ट सांगितली. हॉटेलवाल्यानं लगेच शेषेरावाला विचारलं, काय म्हणतंय पंढऱ्याचं वावर? माणसं पोट धरून हसली आणि त्या दिवसापासून वावराला ते नाव पडलं.

पंढरीला ते नाव मनाला लागायचं. हॉटेलासमोरून जाताना तो मान खाली घालून जायचा. त्याची बायको धुरपतबाई मात्र जरा वेगळ्या काळजाची. ती म्हणायची, "म्हणू द्या. नाव तर आपलंच हाय न्हवं."

आता पंढरीला जाऊन बरीच वर्षं झाली. नाव तेवढं राहिलं, आणि लोक ते नुसत्या सवयीनं घ्यायला लागले. 'पंढऱ्याचं'चं 'पंढरीचं' कधी झालं हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पंढरीचा पोरगा आनंदराज शिकला, अहमदपूरच्या एसटी आगारात मेकॅनिक झाला आणि तिथंच ऑइलमध्ये हात बुडवून म्हातारा झाला. त्याची बायको पंचशीला. लग्न झाल्यावर ती अहमदपूरलाच राहिली, त्यामुळं हिप्परवाडी म्हणजे तिच्या लेखी जयंतीला आणि लग्नकार्याला जायचं गाव. सासऱ्याशी तिचं बोलणं फार झालं नाही. तो महिन्यातून एकदा यायचा, शेंगा नाहीतर हरभऱ्याचा ढाळा दारात ठेवायचा, पाणी प्यायचा आणि रान एकटं पडलंय म्हणून परत निघायचा. कुणाचं रान, असं आनंदराज चिडून विचारायचा. म्हातारा तोवर वाटेला लागलेला असायचा.

आनंदराज निवृत्त झाला त्याच वर्षी शेषेरावाच्या पोरानं, हरिओमनं, लातूरला घर बांधायला काढलं. गावाजवळचं वावर ठेवायचं आणि ओढ्याकाठचं विकायचं असं बापलेकांत ठरलं. शेषेरावाचा पुतण्या टपून बसलेला. पण एका दुपारी शेषेराव स्वतः अहमदपूरला आनंदराजच्या दारात येऊन उभा राहिला. आत या म्हटलं तरी उंबऱ्याशीच घुटमळला. म्हणाला, वावर काढतोय, घेताव का? आनंदराज बायकोच्या तोंडाकडं बघत बसला. पंचशीलानं सासूकडं पाहिलं. धुरपतबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि एवढंच म्हणाली, "घ्या."

तर असं पंढरीचं वावर पंढरीच्या घरात आलं. खरेदी झाली त्या दिवशी पंचशीलानं बुंदी वाटली. नांदेडला दवाखान्यात नर्स असलेली लेक लुंबिनी रजा टाकून आली. सगळी मिळून वावरात गेली आणि धुरपतबाईनं वाकून मातीला हात लावला. पंचशीलाला वाटलं, चेष्टेचं नाव आज खरं झालं. सासऱ्याला हयातीत काही देता आलं नाही, पण आता हे नाव हक्कानं घेतलं जाईल. तिला त्या वावराचं एवढं एकच मोठं अप्रूप होतं. सोयाबीन किती होईल, हरभरा किती होईल, हे सगळं त्याच्या मागं.

आणि इथंच गावानं घोळ घातला.

उन्हाळ्यात बिऱ्हाड हिप्परवाडीला हलवलं. मिरगाच्या आधी पंचशीलानं ट्रॅक्टरसाठी शेजारच्या संगमेश्वरला फोन केला. कुठं यायचं, त्यानं विचारलं. तिनं ठसक्यात सांगितलं, पंढरीच्या वावरात. तो म्हणाला, "म्हंजी शेषेरावच्या वावरात का? येतो की."

तिला वाटलं चुकून बोलला. मग खुरपायला बायका सांगितल्या, तर त्या एकमेकींना हाका मारत निघाल्या, चला गं, आज शेषेरावच्या वावरात जायचंय. डीपी जळाला तर वायरमन म्हणाला, शेषेरावच्या वावराजवळचा ना? दूधवाल्यापासून तलाठ्याच्या कोतवालापर्यंत एकजात सगळे. ज्या वावराला शेषेराव मालक असताना कुणी चुकूनही शेषेरावाचं म्हटलं नव्हतं, ते त्यानं विकल्यावर शेषेरावाचं झालं.

पंचशीला फाट्यावरच्या हॉटेलात गेली. जुना हॉटेलवाला केव्हाच गेला होता, आता त्याचा पोरगा विरूपाक्ष गल्ल्यावर बसायचा. जीभ मात्र बापाचीच. गावातलं कुणाचं काय म्हणायचं हे त्याच्या कढईशेजारी ठरायचं. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावून सांगितलं, की वहिनी, ह्यात कुणाच्या मनात वाकडं नाही, ही गावाची रीतच आहे. इकत घेतलेलं वावर इकणाऱ्याच्या नावानं चालतं. तेल्याचं वावर बघा, तेली गाव सोडून गेला तेव्हा माझ्या बापाला मिसरूड फुटलं नव्हतं. आज तिथं तिसरा मालक ऊस लावतोय, पण वावर तेल्याचंच.

"पण हे तर आधीपासून पंढरीचंच हुतं," पंचशीला म्हणाली.

"तव्हा शेषेरावचं हुतं म्हणून पंढरीचं म्हणायचे," विरूपाक्ष म्हणाला. "आता पंढरीचं झालं म्हणून शेषेरावचं म्हणतेत." आणि आपण फार सरळ बोललो असं समजून तो भजी तळायला वळला.

घरी येऊन तिनं हे आनंदराजला सांगितलं तर तो हसत सुटला. ती हसली नाही. मग त्यानं बायकोच्या समाधानासाठी अहमदपूरहून पत्र्याचा बोर्ड रंगवून आणला, निळ्या अक्षरांत 'पंढरीचे वावर', आणि धुऱ्यावर लोखंडी खांब रोवून ठोकला. चार दिवसांत गावात बातमी पसरली, शेषेरावच्या वावरात बोर्ड लावलाय म्हणून. लुंबिनीनं मोबाइलच्या नकाशात नाव घातलं. त्याचा उपयोग एवढाच झाला, की तुषार संच घेऊन आलेल्या टेम्पोवाल्यानं वावराच्या तोंडाशी उभं राहून फोन केला, की बाई, नकाशा पंढरीचं वावर दाखवून राहिला, पण हितली माणसं म्हणतात हे शेषेरावचं हाय, मी माल कुठं उतरू? पंचशीलानं कपाळाला हात लावला.

तशात शेषेराव स्वतःच यायला लागला.

आधी तो रस्त्यावरून जाता जाता थांबायचा. मग धुऱ्यावर आला. मग धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसायला लागला, आणि बसल्या जागेवरून सूचना द्यायला लागला. तास जरा तिरकं गेलंय. त्या अंगाला तण राहिलं. पलीकडच्या कोपऱ्यात चर काढायला पाहिजे. धुरपतबाई कधी वावरात आलेली असली तर त्याला बघून उठून उभी राहायची आणि मालक म्हणायची. पंचशीलाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ह्या माणसानं वावर विकलंय की नाही? पाच-पंचवीस पावसाळे एसटीच्या क्वार्टरमध्ये काढलेल्या बाईला शेतीतलं फारसं कळत नव्हतं हे खरं, पण ती रोज पहाटे उठून येत होती, बायकांच्या बरोबरीनं खुरपत होती, हाताला फोड येऊन ते फुटून घट्टेही पडले होते. तिला वाटे, लोक शेषेरावचं वावर म्हणतात, कारण शेषेराव इथून हलतच नाही.

एके दिवशी त्यानं खुरपणाऱ्या बायकांनाच परस्पर सांगितलं, हे सोडा आणि तिकडून धरा. बायका उठल्यासुद्धा. पंचशीला खुरपं हातात घेऊन धुऱ्यापर्यंत चालत गेली.

"आबा, वावर आमचं हाय," ती म्हणाली. "काय सांगायचं ते मी सांगीन."

शेषेरावानं तिच्याकडं पाहिलं. धोतराचा सोगा हातात धरून उठला, टोपी झटकली आणि निघून गेला. बायका मुकाट्यानं पुन्हा जागेवर बसल्या. पंचशीलाला वाटलं होतं बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. संध्याकाळी धुरपतबाई तिच्याशी बोलली नाही आणि आनंदराजही ताटावरून लवकर उठला.

पोळा झाला आणि पाऊस मुक्कामाला बसला. नुसता बसला. सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या, आणि आभाळ दिवसरात्र गळतंय. तिसऱ्या दिवशी पंचशीला डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन वावरात गेली तर पलीकडच्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी. हिरवंगार पीक पाण्यात मान टाकून उभं. आनंदराज पिकाचं औषध आणायला लातूरला गेलेला. संगमेश्वरचं स्वतःचंच रान तुंबलेलं. तिनं खोरं उचललं आणि जमेल तिथं उकरायला लागली. ती माती बाजूला करी आणि पाणी ती माती परत आत आणी. कंबर मोडायची वेळ आली. रडू आलं ते पावसात कुणाला दिसायचं कारण नव्हतं, म्हणून ती मोकळी रडली.

मान वर केली तेव्हा धुऱ्यावर शेषेराव उभा होता. अंगावर रेनकोट नाही, छत्री नाही, खांद्यावर खोरं. किती वेळ उभा होता कोण जाणे. आत आलेला नव्हता.

"येऊ का?" त्यानं विचारलं.

"या की आबा," ती म्हणाली, "कामून थांबलाव?"

तो उतरला. पण पाण्याकडं आलाच नाही. उलट्या बाजूला, वरच्या अंगाला गेला आणि तिथून कोपऱ्याच्या कडेनं ओढ्याकडं तिरका चर धरला. पंचशीलाला काही कळेना, पण तीही त्याच्या मागं खोरं मारत गेली. म्हाताऱ्याच्या अंगात दम कमी. चार खोरी मारली की तो थांबायचा, कमरेवर हात ठेवून आभाळाकडं बघायचा आणि पुन्हा वाकायचा. चर ओढ्याला मिळाला तेव्हा दुपार टळली होती. पाणी एकदम सुटलं आणि खळखळत निघालं. दोघं चिखलानं इतकी भरली होती की ओळखू येत नव्हती. पंचशीला हसायला लागली आणि शेषेरावही हसला. त्याचे वरचे दोन दात नाहीत हे तिनं तेव्हा पाहिलं.

बाभळीखाली पाऊस जरा कमी लागत होता. तिनं फडकं सोडलं. भाकरी पुढं करताना तिचा हात अर्ध्यावर थांबला. चालेल का, असं विचारणं तिच्या ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि भाकरी त्याच्या हातावर ठेवली. शेषेरावानं तुकडा मोडला, ठेच्याला लावला, खाल्ला आणि आणखी ठेचा मागितला.

"वरून चर धरायचा हे तुमाला कसं मालूम?" तिनं विचारलं.

"मला काय मालूम, माय?" तो म्हणाला. "पंढरी म्हणायचा. मी नुसता धुऱ्यावर उभा राहायचो. जे मी तुला सांगत बसतो ना, त्यातलं माझं एक न्हाई. समदं त्याचं हाय."

मग तो सांगत सुटला. पंढरी पेरणीआधी मातीचा वास कसा घ्यायचा, ढेकूळ जिभेला लावून कसं बघायचा, रानडुकरांना शिव्या न देता हाका कशा मारायचा, जसे काही भावकीतले. बैल आजारी पडला तेव्हा त्याच्या कानात काय बोलायचा. पंचशीला खायची थांबली. ज्या सासऱ्यानं तिच्या दारात ढाळा ठेवण्यापलीकडं काही केलं नव्हतं, तो आज पहिल्यांदा तिला भेटत होता, आणि भेटवणारा होता त्याचा मालक.

"दुपारी आमी दोघं ह्याच झाडाखाली जेवायचो," शेषेराव म्हणाला. "तो तिकडं तोंड करून, मी हिकडं तोंड करून. धुरपताच्या ठेच्याचा वास येयाचा. मागावा वाटायचा. छाती झाली न्हाई."

पंचशीलानं उरलेला ठेचा त्याच्या भाकरीवर ठेवला. तिला त्याचा राग आला आणि त्याच वेळी मायाही आली. दोन्ही एकदम येऊ शकतात हे तिला माहीत नव्हतं.

सोयाबीन वाचलं. काढणी झाली, रान मोकळं झालं, हरभरा पेरला. आता शेषेराव रोज यायचा आणि बसून राहायचा नाही. धुरा साफ करायचा, पाइप उचलायचा, तुषारची तोंडं फिरवायचा. संध्याकाळी डोक्यावर गवताचा भारा घेऊन निघायचा. मजुरी विषयच नव्हता. एवढी वर्षं मालकी करून जेवढा तो वावरात उतरला नसेल तेवढा ह्या दोन-तीन महिन्यांत उतरला. त्याची बायको कस्तुराबाई शेजारणींना सांगे, आमचं हुतं तव्हा ह्यांना तिकडं ढकलावं लागायचं, आता बांधून ठेवावं लागतंय.

विरूपाक्षाच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. एकदा गवताचा भारा घेऊन शेषेराव हॉटेलावरून चालला होता, तर त्यानं कढईतला झारा वर करून मोठ्यानं विचारलं, "काय शेषेराव, पंढरीच्या वावरात सालगडी लागलाव म्हणं?"

हॉटेल खदखदून हसलं. शेषेरावाच्याच पाटील घराण्यातली माणसं होती, त्याचा पुतण्या होता, ती सगळ्यात जास्त हसली. पंचशीला त्याच्या मागून चार पावलांवर येत होती. तिनं शेषेरावाची मान खाली गेलेली पाहिली. भाऱ्याखाली त्याचा चेहरा दिसत नव्हता.

पण तिच्या कानात दुसरंच काही वाजत होतं. पंढरीच्या वावरात. खरेदी झाल्यापासून पहिल्यांदा गावातल्या माणसाच्या तोंडून ते नाव आलं होतं. बोर्डानं झालं नव्हतं, नकाशानं झालं नव्हतं. तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच शरम वाटली, कारण समोर एक म्हातारा माणूस भर रस्त्यात मान खाली घालून चालला होता.

दुसऱ्या दिवसापासून चेष्टा चढत गेली. पोरं शेषेरावाला बघून म्हणायची, पंढरीच्या वावरात औंदा साल कितीला ठरलं? चार-पाच दिवसांत हरिओमचा लातूरहून फोन आला; पुतण्यानं चुगली केली होती. बाबा, आमाला तोंड दाखवायला जागा ठेवा, म्हणाला. कस्तुराबाईनंही धोशा लावला. आणि शेषेराव यायचा बंद झाला. तो येईना तसं गावाचं हसणं थांबलं, आणि हसणं थांबलं तसं वावर पुन्हा शेषेरावचं झालं. हरभऱ्याला घाटे धरले तेव्हा बायका म्हणाल्या, शेषेरावच्या वावरातला हरभरा औंदा जोरात हाय.

पंचशीलाला मार्ग दिसेना. तो आला तर नाव राहतं, पण त्याची इज्जत जाते. नाही आला तर नाव जातं. त्याला बोलवायला जावं असं तिला रोज वाटे आणि रोज ती उंबऱ्यातून परत फिरे. आपल्या सासऱ्याच्या नावासाठी दुसऱ्याच्या नवऱ्याला हसं करायचं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? धुरपतबाईला तिच्या मनातलं कळलं असावं. ती म्हणाली, "हसणं लई वंगाळ असतंय बाई. ह्यांनी जलमभर सोसलं. दुसऱ्याला सोस म्हणू नको. आपलं आपण वळखतो तेवढं बास हाय."

पंचशीलानं मान हलवली. पण जीव तुटला तो तुटलाच.

मग येळवस आली. वेळा अमावस्या म्हणतात ती ह्या भागात दिवाळीपेक्षा मोठी. गावच्या गाव ओस पडतं, सगळं माणूस रानात. कडब्याची कोप करायची, भज्जी, उंडे, खीर, धपाटे आणि आंबील घेऊन वावरात जायचं, आल्यागेल्याला हाका मारून जेवू घालायचं. आंबिलीचं मडकं चुन्यानं रंगवून डोक्यावरून न्यायचं, आणि मालकाच्या घरचं मडकं सालगड्यानं डोक्यावर घ्यायचं, ही रीत. पंढरीनं ते जन्मभर वाहिलं. वावरात पोचवलं की त्यानं धुऱ्यावर जाऊन बसायचं, आणि सगळ्यांचं झाल्यावर धुरपतबाईनं उरलेली आंबील त्याच्यासाठी मागून आणायची.

यंदा पहिल्यांदा आंबील ह्या घरची होती. पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे नव्हते. कोपीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवायची, त्रिसरण म्हणायचं आणि पोटभर जेवायचं असं ठरलेलं. पहाटेपासून चूल पेटली होती. धुरपतबाई पाटावर बसून हुकूम सोडत होती, आंबट जास्त झालं, मीठ टाक, अजून ताक टाक. पंचशीलानं शेषेरावाच्या घरी सांगावा पाठवला होता, की दोघांनी जेवायला यावं. येतील अशी आशा तिनं धरली नव्हती. हरिओम लातूरहून मोटार घेऊन आलाय आणि त्यांची येळवस गावाजवळच्या वावरात आहे, असं कळलं होतं.

आनंदराज तसबिरी आणि पातेली घेऊन ऑटोनं पुढं गेला. पंचशीला आंबिलीचं मडकं घेऊन सासूबरोबर फाट्यावर थांबली, कारण लुंबिनी एसटीनं येणार होती आणि तिच्या दवाखान्यातल्या मैत्रिणी मागून गाडीवर. फाट्यावर जत्रा लोटली होती. ट्रॅक्टर, बैलगाड्या, मोटारसायकलवर चौघं चौघं. विरूपाक्षाच्या हॉटेलात तर पाय ठेवायला जागा नव्हती. बस आली, लुंबिनी उतरली. तेवढ्यात गर्दीतून शेषेराव येताना दिसला. धुतलेलं धोतर, नवी टोपी, आणि मागं तोंड आंबट करून कस्तुराबाई.

विरूपाक्षाला राहवतंय थोडंच. त्यानं हाळी दिली, "शेषेराव, औंदा कुठं येळवस?"

माणसं वळून बघायला लागली. हसायच्या तयारीत असलेले चेहरे पंचशीलाला दिसले. आता हा माणूस मान खाली घालून गावाजवळच्या वाटेला लागेल, आणि त्याला कुणी नावं ठेवणार नाही.

शेषेराव थांबला. मान खाली गेली नाही. त्यानं हॉटेलकडं तोंड केलं आणि चांगला मोठा आवाज काढला.

"पंढरीच्या वावरात," तो म्हणाला. "कामाला हाय की मी तितं. उशीर झाला तर मालकीणबाई बोलती."

क्षणभर कुणाला कळेना हसावं की काय करावं. मग शेषेराव स्वतःच हसला, त्या दोन दातांच्या खिंडारातून, आणि सगळं हॉटेल फुटलं. पण ह्या हसण्यात दात कमी आणि पोट जास्त होतं. हसता हसता एक म्हातारा म्हणाला, खरं हाय गड्या, पंढरीच्या वावरासारखं वावर न्हाई.

शेषेराव पंचशीलापुढं आला. तिच्या डोक्यावरचं मडकं त्यानं दोन्ही हातांनी उचललं. ती नको नको म्हणायला लागली, आबा, मी नेते, लांब हाय. त्यानं ऐकलं नाही. टोपी काढून कस्तुराबाईच्या हातात दिली, लुंबिनीच्या ओढणीची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि मडकं वर घेतलं. आंबिलीचे चार थेंब कानावरून ओघळले. धुरपतबाई तोंडाला पदर लावून बघत होती. तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत होती हे पंचशीलाला कळलं नाही, आणि तिला स्वतःचंही कळत नव्हतं. कस्तुराबाईनं टोपी झटकली, नवऱ्याकडं बघून एक सुस्कारा टाकला आणि धुरपतबाईच्या कोपराला धरून म्हणाली, चल बाई, भूक लागली.

अशी ती निघाली. पुढं मडकं घेतलेला शेषेराव, मागं दोन म्हाताऱ्या, त्यांच्यामागं मायलेकी. ओढ्याच्या वळणाशी आली तेव्हा फाट्यावर दोन स्कूटी येऊन थांबल्या. लुंबिनीच्या मैत्रिणी. त्यांनी हॉटेलात विचारलं, काका, पंढरीचं वावर कुठं आलं?

विरूपाक्षानं हातातल्या झाऱ्यानं ओढ्याकडं दाखवलं. त्याचा आवाज एवढा खणखणीत की पंचशीलाला वळणावर अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"त्यो डोक्यावर मडकं घेतलेला म्हातारा दिसतोय का? त्याच्या मागं मागं जावा. त्यो तितंच कामाला हाय."